झुडपामागे कोण होतं? – लंडनचं मॅरियन पार्क

लंडनला गेलेला माणूस सहसा मॅरियन पार्कला जात नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतंय असंही नाही. दक्षिण-पूर्व लंडनमध्ये चार्ल्टनजवळ, थेम्सपासून हाकेच्या अंतरावर ही बाग आहे. एक टेनिस कोर्ट, भरपूर गवत, चढावरची झाडी आणि कुत्री फिरवायला आलेली मंडळी, इतकंच. माझी भाची तिथून जवळच, लुईशमला राहते. तिनेही नाव ऐकलेलं नव्हतं. "मामा, क्यू गार्डन्स सोडून हे कुठलं शोधलंस?" म्हणाली. पण आली बरोबर.

मला ती जागा बघायची होती ती 'ब्लो-अप'साठी. इटालियन दिग्दर्शक अँतोनिओनीचा हा पहिला इंग्रजी सिनेमा, 1966 सालचा. अर्जेंटिनाचा लेखक कोर्तासार याच्या कथेवर बेतलेला, पण कथेतलं पॅरिस बाजूला ठेवून लंडनला आणलेला. पुढच्याच वर्षी त्याला कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. फॅशनच्या जगात चलती असलेला एक उर्मट फोटोग्राफर (डेव्हिड हेमिंग्ज) रिकामटेकडा भटकत या बागेत येतो, एका जोडप्याचे चोरून फोटो काढतो. त्यातली बाई (व्हनेसा रेडग्रेव्ह) धावत येऊन रोल मागते. ती एवढी का घाबरली, म्हणून तो फोटो मोठे करत जातो, आणि झुडपात त्याला पिस्तूल धरलेला हात, मग गवतात पडलेलं प्रेत दिसायला लागतं. किंवा दिसतंय असं वाटतं.

लंडन ब्रिजहून गाडीने चार्ल्टनला उतरलो आणि वूलविच रोडने पूर्वेकडे चालत सुटलो. रस्ता रुक्ष आहे, गोदामं आणि मोठमोठी दुकानं. मग अचानक उजव्या हाताला हिरवळ लागते. ही बाग म्हणजे जुनी वाळूची खाण. त्याआधी इथे हँगिंग वुड नावाचं जंगल होतं आणि त्यात वाटमारे दडून बसायचे म्हणे. खाणीमुळेच मधला भाग बशीसारखा खोलगट आणि कडेने चढ आहे. सिनेमात सगळं जग त्या चढाआड गेल्यासारखं वाटतं, ते का, हे तिथे उभं राहिल्यावर लगेच कळतं. वूलविच रोडवरची रहदारी खाली ऐकू येतच नाही म्हटलं तरी चालेल.

टेनिस कोर्टवर दोन मुलगे खेळत होते, खऱ्याखुऱ्या चेंडूने. सिनेमाच्या शेवटी इथेच पांढरे चेहरे रंगवलेली मंडळी चेंडूशिवाय टेनिस खेळतात आणि तो न दिसणारा चेंडू जाळीबाहेर गेल्यावर नायकाला परत टाकायला लावतात. मी जाळीला टेकून बघत बसलो, तेव्हा मुलांना मी खटकलो असणार. भाचीने दंडाला धरून हलवलं.

पायऱ्या चढून वरच्या सपाटीवर गेलो. इथेच ते जोडपं होतं, इथेच कुठेतरी ते झुडूप. कुठलं, ते सांगणं शक्य नाही. झाडी बदलली आहे, आणि मुळात त्या वेळचंही किती खरं होतं? अँतोनिओनीने गवताचा हिरवा पुरेसा हिरवा नाही म्हणून ते रंगवून घेतलं होतं, वाटाही रंगवल्या होत्या. झाडांच्या वर दिसणारी निऑनची पाटी खास उभारलेली, आणि तिच्यावर काय लिहिलंय ते कुणालाच वाचता येत नाही. म्हणजे सिनेमातली जागा शोधायला आलेल्या माणसाला इथे जे मिळतं, ते रंग उडालेलं नेपथ्य.

वारा मात्र आहे. टेकडीवर तो सतत असतो आणि पानांचा आवाज अगदी तसाच येतो. फोटो मोठे करण्याच्या त्या लांबलचक प्रसंगात हर्बी हॅनकॉकचं संगीत नाही, संवाद जवळजवळ नाहीत. नायक एका फोटोवरून दुसऱ्यावर नजर फिरवतो आणि स्टुडिओत बागेतला वारा ऐकू येतो, एवढंच. माझ्या मते त्याच्याइतका ताण चांगल्या चांगल्या पाठलागांतही नाही.

डार्करूममध्ये हायपोचा (फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा) वास घेतलेल्यांना तो प्रसंग जास्त लागतो. पस्तीस मिलिमीटरची निगेटिव्ह म्हणजे 24 बाय 36 मिलिमीटरचा तुकडा. एका मर्यादेपर्यंत मोठी करा, तपशील मिळतो. त्यापुढे मोठा होतो तो फक्त चांदीचा कण, ज्यांनी फिल्मवरचं चित्र बनलेलं असतं तो. इथे तर गडी प्रिंटचाच पुन्हा फोटो काढतो आणि तो मोठा करतो, म्हणजे कणाचे कण. शेवटी उरलेलं प्रेताचं चित्र शेजारच्या चित्रकाराच्या अमूर्त चित्रासारखं दिसतं, असं त्या चित्रकाराबरोबर राहणारी बाई म्हणूनही टाकते. बागेतले ते फोटो युद्धछायाचित्रकार डॉन मॅककलिनने काढलेले आहेत, त्यामुळे कणांत जीव आहे.

मी फोनवर झूम करून झाडी टिपली. फोन या बाबतीत अप्रामाणिक आहे. तो कण दाखवत नाही, न दिसलेली पानं अंदाजाने रंगवून मोकळा होतो. भाची स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "मामा, इथे कोणीतरी उभंय." खांदा होता खरा. जाऊन पाहिलं तर खोडाला अडकलेली करडी प्लॅस्टिकची पिशवी. ती हसली, मला मात्र दोन क्षण बरं वाटलं होतं.

तिला समजावं म्हणून मी 'जाने भी दो यारों'चा दाखला दिला. आमच्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या कुंदन शाहने 1983 मध्ये मुंबईत याच कल्पनेची गंमत केली, आणि खुनाचा फोटो जिथे निघतो त्या बागेचं नावच अँतोनिओनी पार्क ठेवलं. फरक असा, की तिथे फोटो मोठा केल्यावर खुनी स्पष्ट सापडतो. कुठलीही शंका राहत नाही, आणि तरी कुणाला फरक पडत नाही, तुरुंगात जातात ते फोटोग्राफरच. लंडनच्या त्या श्रीमंत गड्याला खात्री मिळत नाही म्हणून तो कोसळतो. विनोद-सुधीर या मुंबईच्या फोटोग्राफर जोडीला खात्री मिळूनही उपयोग नाही. मला दुसरं जास्त भयानक वाटतं, जरी हसून हसून पोट दुखत असलं तरी.

जाणार असाल तर थेम्स बॅरियर, म्हणजे नदीवरचा पूर अडवणारा बांध, जोडून बघा, चालत जाता येतो. रस्त्यापलीकडच्या मॅरियन विल्सन पार्कमध्ये हरणं आहेत, मुलं बरोबर असतील तर तीच जास्त आवडतील. सिनेमातला स्टुडिओ नॉटिंग हिलच्या बाजूला, जॉन कोवन या फोटोग्राफरचा होता. तिथे दाराबाहेर उभं राहण्यापलीकडे काही करता येत नाही. त्यापेक्षा सेंट जेम्स स्ट्रीटवरचा पूर्वीच्या इकॉनॉमिस्ट इमारतीचा चौक गाठा. सुरुवातीला जीपमधून ओरडत येणारी ती रंगवलेल्या चेहऱ्यांची टोळी तिथेच दिसते, आणि स्मिथसन या वास्तुकार दांपत्याने बांधलेला तो चौक आजही ओळखू येतो.