राजहंसाच्या पाठीवरच्या रेषा

संध्याकाळी सात वाजता सीएनसी मशीनचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या फाइलवरून लाकूड कोरणाऱ्या मशीनचा, फिनिशिंग पास (शेवटचा बारीक हात) संपला. भुसा ओढून घेतला आणि सागवानाच्या फळीतून राजहंस वर आला. पंख मिटलेले, मान मागे वळवलेली, भोवती कमळाची पानं. डिझाइन माझं, त्यामुळे मी खूश होणारच. मशीन सांभाळणारा सहकारी मात्र काही बोलेना. त्याने मोबाइलचा टॉर्च लावला, फळीला जवळजवळ टेकवून आडवा धरला आणि म्हणाला, "हे बघ."

हंसाच्या पाठीवर रेषा होत्या. नकाशात डोंगराभोवती असतात तशा, एकात एक, सव्वादोन-अडीच मिलिमीटरच्या अंतराने. टॉर्च बंद केला की पाठ गुळगुळीत, लावला की पायऱ्या. नख फिरवलं तर लागतंय की भास होतोय, कळत नव्हतं. पण पॉलिश चढलं की अशा रेषा लपत नाहीत, उलट चमकायला लागतात. त्यात हे पॅनेल खिडकीला लागून असलेल्या दारावर बसणार होतं. म्हणजे उजेड कडेनेच येणार, थेट टॉर्चसारखा.

पहिला संशय टूलवर. फळी ६०० बाय ४०० मिलिमीटर, त्यावर ३ मिमीचा बॉलनोज बिट (गोल टोकाचं कोरायचं पातं), स्टेपओव्हर, म्हणजे शेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर, ०.३ मिमी. तेराशेवर फेऱ्या, म्हणजे बिट जवळपास ८०० मीटर चाललेला. मिनिटाला २५०० मिमीने हिशेब केला तर साडेपाच तासांच्या आत काम व्हायला हवं. पण प्रत्येक चढउताराला मशीन वेग कमी करतं, म्हणून लागले सात. दोन फेऱ्यांमध्ये उरणारा कंगोरा या बिटला या स्टेपओव्हरवर पाऊण शतांश मिलिमीटर, म्हणजे ०.००७५. इतक्याने पायऱ्या दिसत नाहीत. शिवाय बिट फळीच्या लांबीने सरळ जात होता आणि या रेषा हंसाच्या अंगाने वळत होत्या. बिटचे व्रण बिटच्याच दिशेने जातात. हे दुखणं मशीनचं नव्हतं, फाइलचं होतं.

वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर डेप्थमॅप उघडला. डेप्थमॅप म्हणजे करड्या रंगाचं चित्र: पांढरं ते उंच, काळं ते खोल. (लोक फोटो पाठवून "एवढं कोरून द्या" म्हणतात तेव्हा नेमकी इथेच गडबड होते. फोटोतला काळा म्हणजे खोली नसते. काळेभोर केस असलेला माणूस कोरला तर डोक्याच्या जागी खड्डा पडतो. असो.) मी घरून १६ बिटची (हा बिट कॉम्प्युटरचा, कोरायचा नव्हे) पीएनजी काढली होती, त्यात करड्याच्या ६५,५३६ छटा. समोर उघडलेली फाइल होती जेपेग. ८ बिट, २५६ छटा. झूम केलं तर पिसांच्या कडांना जेपेगचे ते चौकोनी ठिपकेही दिसले.

मग आठवलं. सकाळी सहकाऱ्याचा फोन आला होता, "फाइल कुठाय?" पेनड्राइव्ह माझ्या बॅगेत, मी रस्त्यात. मोबाइलवर फाइल होती, ती चॅटमध्ये फोटो म्हणून ढकलली आणि मोकळा झालो. ॲपने ती आकसून, जेपेग करून पोचवली. त्याने टूलपाथ, म्हणजे बिटने चालायची वाट, त्यावरच काढला. सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवरची रंगीत तालीम, मी आदल्या रात्री पाहिलं होतं, पण ते मूळ फाइलचं. चूक शंभर टक्के माझी.

उठावाची एकूण खोली १० मिमी. तिचे २५६ भाग केले की एक पायरी ०.०३९ मिमीची, बिटच्या कंगोऱ्याच्या पाचपट. पानांवर शिरा आणि सुरकुत्या आहेत, तिथे उतार इतक्या झटकन बदलतो की पायरी कुणाला सापडणार नाही. पण हंसाची पाठ ९० मिमी रुंदीत जेमतेम दीड मिलिमीटर चढते. म्हणजे सगळ्या मिळून अडतीस पायऱ्या, प्रत्येक सव्वादोन मिमीपेक्षा रुंद. जिथे मी सगळ्यात कमी काम केलं होतं, तीच जागा सगळ्यात जास्त ओरडत होती.

"पॉलिशपेपर मारून बघू?" मी विचारलं.

"पिसं जातील."

बरोबर होतं. पिसांच्या रांगा पाठीच्या अर्ध्यातूनच सुरू होतात आणि त्यांची खोली अर्धा मिलिमीटर. हाताने घासलं की आधी कडा गोल होणार, मग सावली मरणार आणि हंस साबणाच्या वडीसारखा दिसणार. चित्राला ब्लर देऊन पायऱ्या मिटवायच्या तरी तोच प्रकार.

तेवढ्यात त्याचा हात सवयीने क्लॅम्पच्या नटकडे गेला. मी जवळजवळ ओरडलोच, "सोडू नकोस!" फळी जागची हलली नव्हती तोवर एक्स आणि वायचा शून्य, म्हणजे लांबी-रुंदी जिथून मोजायची तो बिंदू, जिवंत होता. झेड, म्हणजे उंचीचा शून्य, त्याने नेहमीप्रमाणे फळीच्या माथ्यावरून न घेता टेबलावरून घेतला होता, तोही शाबूत. फळी २५ मिमीची, खाली भरपूर लाकूड शिल्लक.

बॅगेतून पेनड्राइव्ह काढला. मूळ फाइल लावली, हंसाच्या बाह्यरेषेपुरतीच हद्द आखली आणि तेवढा भाग ०.३ मिमीने खाली उतरवून फक्त फिनिशिंग पास काढला. हद्द मुद्दाम हंस आणि पानं जिथे भेटतात त्या खाचेत ठेवली, म्हणजे नवा-जुना सांधा सावलीत जाईल. सागवान बिटची धार लवकर खातं, म्हणून बिटही नवा लावला.

दोन तास आम्ही तिथेच बसून होतो. शेवटची फेरी मानेखालून निघाली तेव्हा टॉर्च मी धरला. डावीकडून, उजवीकडून, खालून. पाठ सलग होती.

दुसऱ्या दिवशी पॅनेल पॉलिशला गेलं. मानेखाली, मोठ्या पानाला लागून, ०.३ मिमीची एक पायरी आहे. कुठे बोट ठेवायचं ते माहीत असेल तर लागते.