बाजाराच्या आदल्या दिवशी

नागपूरहून लालपरीने निघालो. जाम, हिंगणघाट मागे टाकत पांढरकवड्याच्या अलीकडे उतरलो. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकले होते, इतक्या भरून गाड्या गेल्या होत्या.

मित्राच्या घरी पुढची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली. पोरं त्यावर लोळत होती. "आताच नाही काढत. वाळू द्या, सीसीआयचं केंद्र चालू होऊ द्या," काका म्हणाले. सीसीआय म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ. त्यांचं वावर ओलिताचं आहे, मुलगा नोकरीला आहे, सातबारा स्वतःच्या नावावर आहे. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. पूर्ण भावासाठी ओलावा ८ टक्क्यांच्या आत हवा. १२ च्या वर गेला की सीसीआय घेत नाही. म्हणजे कापूस वाळेपर्यंत ठेवायला खोली हवी, आणि तोवर चूल पेटती ठेवायला दुसरी मिळकत.

दोन गल्ल्या पलीकडे कडुलिंबाच्या फांदीला काटा टांगून खेडा खरेदी, म्हणजे व्यापाऱ्याची गावातच येऊन खरेदी, चालू होती. एक ताई जुन्या लुगड्यात बांधलेली गाठोडी घेऊन उभ्या होत्या. तीन एकर वावर मक्त्याने, म्हणजे भाड्याने केलेलं. भाव साडेसहा हजार, वर क्विंटलमागे दोन किलो कट्टी, म्हणजे वजनातली कपात. व्यापारी गाठोड्यात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठ दाबून बघायचा आणि म्हणायचा, "ओला हाय."

"थोडं थांबता नाही येत का?" मी विचारलं.

"थांबाले पैसे लागते भाऊ. उद्या बाजार हाय, वेचणाऱ्या बायांचे पैसे उद्याच द्या लागते."

हे मला आधी कळलंच नव्हतं. वेचणीची मजुरी बाजाराच्या दिवशी चुकती करायची, म्हणून कापूस आदल्या दिवशी निघतो. गावातले सगळे अडलेले एकाच दिवशी विकायला येतात आणि ते व्यापाऱ्यालाही ठाऊक असतं. कृषी केंद्राची बियाण्या-खताची उधारी वेगळीच. आणि ताई थांबल्या असत्या तरी? सीसीआयच्या नोंदणीला कापसाच्या पेऱ्याची नोंद असलेला सातबारा लागतो. मक्त्याच्या वावराचा सातबारा मालकाच्या नावावर. राबणारीच्या हाती स्वतःच्या नावाचा सातबारा नाही.

त्यांचा कापूस काकांच्या कापसाहून कमी पांढरा नव्हता. तरी क्विंटलला सोळाशे रुपयांचा फरक. दहा क्विंटल धरले तर सोळा हजार! पुढच्या वर्षीचं बियाणं रोखीनं घ्यायचं की पुन्हा उधारीत, ते इथेच ठरतं. मला त्या काट्यापाशी उभं राहवेना.

पारावरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी १९७२ ची एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारच घ्यायचं ती योजना, आठवली. "चुकारा उशिरा भेटे, पण सरकारचा भाव सगळ्याले एकच."

मोजणी संपली. ताईंनी नोटा मोजल्या, बायांचे वेगळे केले, उरलेल्यांतली एक किराण्यासाठी पदरात बांधली. व्यापारी काटा उतरवत होता.

"पुढच्या सोमवारी येता नं जी?" ताईंनीच त्याला विचारलं.