लेकीच्या अस्पष्ट बोलण्याचा छडा लावताना

लेक चार वर्षांची होत आली तरी तिचं बोलणं घराबाहेरच्या कुणाला कळत नव्हतं. बोबडं म्हणावं तर तसंही नाही. बोबडी मुलं 'र'चा 'ल' करतात, 'क'चा 'त' करतात. हिचे 'म' आणि 'न' ठणठणीत होते, पण प, ब, त, द, क, ग यांतलं काहीच नाही. 'काका' म्हणायला गेली की नुसतं 'आ-आ', आणि दोन्हींच्या मध्ये गळ्यात उचकीसारखा झटका. 'बाबा'चं 'मामा' व्हायचं, त्यावर सगळे हसायचे. आजीचं वाक्य ठरलेलं, "हिचा बाप तरी कुठे लवकर बोलला होता?" एका डॉक्टरांनीही अजून थोडं थांबा असंच सांगितलं. तान्ही असताना दूध नाकातून यायचं, हे मी जाईन तिथे सांगत होते. ते लिहून घ्यायचे आणि पुढचा प्रश्न विचारायचे.

कानांची तपासणी आधी झाली. पडद्यामागे पाणी साचलं होतं, ऐकू थोडं कमी येत होतं. तिथेच नाकाच्या मागे असणाऱ्या मांसल गाठी, म्हणजे अ‍ॅडेनॉइड्स काढून टाकू, असंही सुचवलं गेलं. स्पीच थेरपिस्ट मॅडमनी मात्र ते ऐकताच हात वर केला. "आधी टाळू बघू द्या."

पहिल्या भेटीत त्यांनी काहीच शिकवलं नाही. लेकीच्या नाकाखाली छोटा आरसा धरला आणि तिला 'पपपप' म्हणायला लावलं. आरसा धुरकटला. 'प' म्हणताना हवा तोंडातच कोंडली पाहिजे, नाकातून येता कामा नये. मग टॉर्च. पडजिभेचं टोक दुभंगलेलं, टाळूच्या मधोमध निळसर पट्टा. वरचं आवरण अखंड, पण आतले स्नायू मधे जुळलेलेच नाहीत. याला सबम्यूकस क्लेफ्ट म्हणतात. टाळूचाच एक स्नायू कानाची नळी उघडतो, त्यामुळे कानात पाणी का साचत होतं तेही कळलं. आणि अशा मुलांत अ‍ॅडेनॉइड्सचा फुगवटा टाळू आणि घशाच्या मागच्या भिंतीमधली फट थोडीफार भरून काढत असतो. तो काढला असता तर ती आणखी गेंगाणी बोलली असती.

मग मॅडमनी विचारलं, "हृदयाचं काही निघालं होतं का?" निघालं होतं. जन्मतः लहानसं छिद्र होतं, ते पुढे आपोआप बुजलं. "कॅल्शियम कधी तपासलंय? सारखी आजारी पडते?" आणि शेवटी, "जेनेटिक्सच्या डॉक्टरांना दाखवून या." मला तेव्हा रागच आला होता. बोलता येत नाही म्हणून आलो, तर ह्या जनुकांवर घसरल्या! पुढे वाचनात आलं की 1978 साली टाळू, हृदय आणि चेहरेपट्टी यांचा हा एकत्रित आजार सविस्तर मांडणारे रॉबर्ट श्प्रिंट्झेन हे स्वतः वाचा-उपचार तज्ज्ञच होते. 1965 मध्ये अँजेलो डीजॉर्ज यांनी त्याच आजाराची दुसरी बाजू, थायमस (छातीतली, रोगप्रतिकारशक्ती घडवणारी ग्रंथी) आणि कॅल्शियमची, दाखवली होती. दोन्हींच्या मुळाशी बहुतेकदा एकच कारण असतं, हे नंतर उघड झालं.

रक्ताची मायक्रोअ‍ॅरे तपासणी झाली. गुणसूत्राचा बारीकसा तुकडा गायब असेल तरी ती दाखवते; नेहमीच्या कॅरिओटाइपमध्ये (त्यात गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली बघतात) इतका लहान तुकडा सहसा दिसत नाही. अहवाल आला: 22q11.2 डिलीशन. बाविसाव्या गुणसूत्राच्या एका प्रतीतला डीएनएच्या साधारण 30 लाख अक्षरांचा तुकडा गायब. आम्हा दोघांत तो दोष नव्हता. सुमारे 90 टक्के मुलांत तो नव्यानेच घडतो. तिला पुढे मूल झालं तर मात्र प्रत्येक वेळी 50 टक्के शक्यता, हेही डॉक्टरांनी त्याच बैठकीत स्पष्ट सांगितलं.

सिंड्रोमचं नाव कळलं की सगळं कळलं असं नातेवाइकांना वाटलं. पण बोलण्यापुरतं बघितलं तरी तिच्यात तीन-चार गोष्टी एकात एक गुंतल्या होत्या आणि प्रत्येकीवर उपाय निराळा. कानातलं पाणी नळ्या बसवून गेलं. टाळूची फट शस्त्रक्रियेशिवाय भरणार नव्हती. गळ्यातला तो झटका मात्र सवयीचा होता: तोंडात हवेचा दाब साठत नाही म्हणून तिने हवा स्वरयंत्रापाशीच अडवायला सुरुवात केली होती. टाळू दुरुस्त झाला तरी ही सवय आपोआप सुटत नाही. शिवाय तोच शब्द दर वेळी वेगळा उच्चारायची, लांब शब्दांत अडकायची. म्हणजे जीभ-ओठांच्या हालचाली आखण्यातही गडबड होती.

फुगे फुगव, शिट्ट्या वाजव, असे सल्ले भरपूर मिळाले. मॅडमनी ते सरळ बाजूला ठेवले. फुंकताना टाळू बंद होतो म्हणून बोलताना होईलच असं नाही. त्यांनी 'ह'पासून सुरुवात केली. 'ह' म्हणताना गळा उघडाच ठेवावा लागतो, झटका मारायला जागाच उरत नाही. कुजबुजत 'ह', मग त्याच श्वासात ओठ मिटून 'प'. 'ख' आणि 'थ' तिला 'क' आणि 'त'च्या आधी जमले, कारण त्यांत हवा मोकळी सुटते. रोज थोडा वेळ, पण नागा नाही. 'काका' पहिल्यांदा 'खाखा' असं आलं, आणि काका भलतेच खूश झाले.

शस्त्रक्रिया त्यानंतर. आधी थेरपी का, तर गळ्यातून बोलणाऱ्या मुलाचा टाळू उठायचा प्रयत्नच करत नाही, मग खरी फट केवढी ते कसं कळणार? नाकातून बारीक कॅमेरा घालून तिला 'पपपप' म्हणायला लावलं, तेव्हा पडद्यावर दिसलं: टाळू उचलला जातोय, पण मागच्या भिंतीला टेकायच्या आत थांबतोय. या सिंड्रोममध्ये मानेतल्या मोठ्या धमन्या कधीकधी घशाच्या मागच्या भिंतीलगत सरकलेल्या असतात, म्हणून आधी स्कॅन केला. शस्त्रक्रियेच्या काळात कॅल्शियमवर लक्ष होतं. शस्त्रक्रियेने घसा अरुंद झाल्यामुळे नंतर ती घोरायला लागली, म्हणून झोपेची तपासणीही झाली.

आवाजातला गेंगाणेपणा बराच गेला. बाहेरची माणसं आता तिचं बहुतेक बोलणं समजतात. चिडली की जुना झटका परत येतो. सध्या 'स' आणि 'श' चालू आहेत, आणि 'स' फारच चिवट निघाला. कॅमेऱ्याची पुढची तपासणी वयात येताना: तेव्हा अ‍ॅडेनॉइड्स आपोआप आकसतात, आणि आत्ता मिटलेली फट पुन्हा थोडी उघडू शकते.