आमच्या घरात "किती वाजता येणार" असं विचारत नाहीत

परवा ऑफिसात डबा खाताना नवीन आलेल्या पोरानं विचारलं, सर, वहिनी पोलिसात आहेत ना, मग घरी लाठी चालते का हो? हा जोक मी गेली बारा वर्षं ऐकतोय, दर वर्षी नवीन माणूस असतो, जोक तोच. मी हसलो, शेंगाचटणी पुढं केली आणि विषय संपवला. पण घरी येताना गाडीवर डोक्यात तेच चाललेलं, की पोलिसाचं घर म्हणलं की लोकांना लाठी, वट, फुकटात कामं असलंच काहीतरी दिसतं, आणि आमच्या घरावर खरं राज्य कुणाचं असेल तर ते घड्याळाचं, ते पण बंद पडलेल्या घड्याळाचं.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. दहा ते सहा, रविवारी सुट्टी, महिन्याच्या शेवटी थोडी धावपळ. बायको शहर पोलिसात. लग्न झालं तेव्हा शिपाई होती, आता हवालदार आहे, बाहीवर तीन फिती. मधलं नाईक हे पदच २०२२ मध्ये काढून टाकलं, त्यामुळं आमच्या आईला अजून नीट कळालेलं नाही की सूनबाईला प्रमोशन एक मिळालं का दोन, ती शेजारच्या अक्कांना कन्नडमधनं काहीतरी तिसरंच सांगत असते.

तर नियम असा आहे की आमच्याकडं तिला फोन करून "किती वाजता येणार?" विचारायचं नाही. कुणी कागदावर लिहून दिलेला नाही, भांडून भांडून तयार झालाय. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी रोज विचारायचो. ती म्हणायची आठ. मी आठला भाकरी थापून ठेवायचो (हो मीच, ते पुढं सांगतो), साडेनऊला त्या भाकरीची कडक भाकरी व्हायची आणि अकराला आमचं भांडण. तिचं म्हणणं, मी खोटं बोलले नव्हते, निघणारच होते, तेवढ्यात एक बाई दोन लेकरं घेऊन ठाण्यात आली, तिला काय सांगू, माझी ड्युटी संपली, उद्या ये? आणि माझं म्हणणं, मग आठ म्हणालीच कशाला. दोघांचंही बरोबर होतं म्हणूनच ते भांडण मिटायचं नाही. शेवटी एक दिवस मीच विचारायचं बंद केलं आणि घरातली निम्मी भांडणं तिथंच संपली.

आता तिच्या शब्दांवरनं वेळ काढायची. "निघतेच" म्हणजे समोर कुणीतरी फिर्याद द्यायला बसलंय, दीड तास धरायचा. "निघाले" म्हणजे अजून खुर्चीतच आहे, स्टेशन डायरीत काहीतरी लिहायचं राहिलंय, पाऊण तास. आणि काहीच न बोलता फोनमधनं हेल्मेटची क्लिप लावल्याचा आवाज आला तर मात्र गॅस पेटवायचा. पीठ मळून झाकून ठेवलेलं असतंच, ती गेटमधनं आत आली की तवा ठेवायचा.

आई पण विचारत नाही. सून दारात दिसल्याशिवाय ती झोपत नाही, पण तसं म्हणणार पण नाही. साडेदहानंतर टीव्हीचा आवाज हळूहळू कमी करत जाते, अकराला नुसतं चित्र चालू असतं. मी म्हणतो आई झोप की, तर म्हणते बघलालेय मी. मुकी सिरियल कोण बघतं सांगा.

स्वयंपाक मी शिकलो ते काय मोठ्या विचारानं वगैरे नाही हो, आईचे गुडघे गेले आणि हिची नाईट लागली, दोन्ही एकाच महिन्यात. पहिल्यांदा भाकरी तव्यावर टाकताना तिचा भारताचा नकाशा झाला होता. आता जमतं. पोरीच्या वेण्या घालायला शिकणं त्याहून अवघड गेलं. ती तिसरीत आहे, शाळेला दोन वेण्या आणि रिबीन लागते, आणि माझी डावी वेणी आजपण सैलच होते, उजवी बरी होते, का ते मला माहीत नाही. शाळेत पालक मीटिंगला बाकाबाकावर आया आणि मधे मी. एक बाई एकदा म्हणाल्या, मम्मी कधीच येत नाहीत का? पोरगीच म्हणाली, मम्मी बंदोबस्ताला आहे. वर्गात एकदम शांतता. मला उगाचच भारी वाटलं.

शेजारपाजारच्यांचं आणखी वेगळं. कुणाची गाडी उचलली, कुणाला चलान आलं की संध्याकाळी आमची बेल वाजते. वहिनींना सांगा की जरा. आता ते चलान मशीनमधनं निघतं, ते हवालदारालाच काय, तिच्या नवऱ्यालापण मागं घेता येत नाही, हे मी किती जणांना सांगितलं असेल. मला स्वतःला सात रस्ता चौकात बिनहेल्मेटचं चलान आलंय. तिला सांगितलं तर म्हणाली, बरं झालं, भरा. एवढंच. वर हेल्मेट चपलांच्या स्टँडवर ठेवायला लागली, म्हणजे चप्पल घालताना हातात आलंच पाहिजे.

२०२२ च्या जानेवारीत बातमी आली की महिला पोलिसांची ड्युटी बारा तासांवरनं आठ तासांवर आली. नातेवाईकांचे फोनवर फोन, आता तुम्हाला सुखच की हो. आदेश खराच होता, आणि चांगला होता, ज्यांना त्याचा फायदा झाला त्यांना विचारा. पण सणवार आला, मोठा बंदोबस्त लागला की आठाचे किती होतात ते कोण मोजतंय. आणि सोलापुरात सण नाही असा महिना दाखवा मला. जानेवारीत गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, फेब्रुवारीत शिवजयंती, एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती, ईद, आषाढीला शेगावची पालखी शहरातनं जाते, मग गणपती, नवरात्र, मधनंच कुणाची तरी सभा. आमच्या कॅलेंडरवर लाल तारखा असतात ना, त्या आमच्याकडं उलट्या वाचायच्या. लाल दिसली की ती घरी नाही. पुरणपोळी आम्ही सणाच्या दोन-तीन दिवस पुढंमागं करतो, देवाची काही तक्रार आलेली नाही अजून.

एक वर्ष तिला पंढरपूरला बंदोबस्त लागला होता. सोलापूरपासून सत्तरेक किलोमीटर, म्हणजे एसटीनं दोन तास, पण त्या आठ-नऊ दिवसांत ती अमेरिकेत असल्यासारखी होती. राहायची सोय एका शाळेत, वर्गातली बाकं बाजूला सरकवून सतरंज्या. परत आली तेव्हा बूट काढले आणि मोजे निघेनात, पावसात भिजून, वाळून, परत भिजून ते पायाला चिकटलेले. मी पातेलंभर कोमट पाण्यात मीठ टाकून दिलं. पाय बुडवून ती तिथंच पायरीवर बसल्या बसल्या झोपली, डोकं भिंतीला टेकून. आई म्हणाली, उठवू नको, विठोबाला भेटून आलीय. ही झोपेतच म्हणाली, दर्शन नाही झालं आई, माझा पॉइंट लांब होता.

बूट. मला वाटतं मी तिचं तोंड बघायच्या आधी बूट बघतो. नेहमीचा दिवस असला की ती दारातच बोलत बोलत बूट काढते, एक इकडं एक तिकडं. ज्या दिवशी पायरीवर बसून, नाड्या सावकाश सोडून, दोन्ही बूट जोडीनं भिंतीला लावून ठेवते, त्या दिवशी काहीतरी बघून आलेली असते. बहुतेक वेळा लहान मुलांचं काहीतरी. अशा केसमध्ये जबाब घेताना शक्यतो महिला पोलीस लागतात, त्यामुळं ते तिच्याकडं येतंच. ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. साबणानं हात धुते, परत धुते, मग झोपलेल्या पोरीच्या शेजारी जाऊन बसते. मी ताट वाढून ठेवतो, ते कधी खाल्लं जातं कधी नाही. सुरुवातीला मला राग यायचा, की नवऱ्याला सांगायला काय होतं. आता वाटतं, तिनं ते उंबऱ्याच्या बाहेर ठेवायचं ठरवलंय तर मी कशाला आत ओढू.

बरं, सगळंच असं गंभीर नसतं. २०२४ च्या १ जुलैला नवीन कायदे लागू झाले, भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, आणि आमच्या घरात दहावीची परीक्षा सुरू झाली. इतक्या वर्षांची तोंडपाठ कलमं एका रात्रीत बदलली. मी भाकरी थापत विचारायचो, खून? ती कांदा चिरत, एकशे तीन. चोरी? तीनशे तीन. फसवणूक? चारशे वीस, अं थांबा, तीनशे अठरा. पोरीचं पण ऐकून ऐकून पाठ झालं. मी तिला आईस्क्रीमचं सांगून दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांच्या समोर म्हणाली, बाबा तुम्ही तीनशे अठरा आहात. डॉक्टरांना काही कळलं नाही, मी पण सांगितलं नाही.

भीती वाटत नाही का, हे पण लोक विचारतात. खरं सांगायचं तर रोज नाही वाटत. रोज वाटायला लागली तर माणूस जगणार कसा, पाणी चार-पाच दिवसांनी येतं त्याचंच टेन्शन जास्त असतं. करोनात वाटली होती. पोरगी तेव्हा तीन-चार वर्षांची, ही घरी आली की मागच्या बाजूनं जाऊन आंघोळ करायची आणि पोरीला खिडकीच्या गजातनंच बघायची. आणि एकदा २१ ऑक्टोबरला वाटली. पोलीस स्मृतिदिन असतो तो, १९५९ मध्ये लडाखला हॉटस्प्रिंगला दहा जवान गेले त्यांच्या आठवणीत. मी पोरीला घेऊन बघायला गेलो होतो. बँड, सलामी, सगळं छान, आणि मग त्या वर्षात देशभरात कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांची नावं वाचायला लागले. नाव, पद, नाव, पद. मला वाटलं पाच-दहा असतील. संपेचनात. पोरगी आधी मोजत होती, मग मोजायची थांबली. त्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा नियम मोडून मी फोन केला, किती वाजता येणार. ती म्हणाली, काय झालं? मी म्हणलं काही नाही, पीठ मळायचं होतं.

आता गड्ड्याचं सांगतो, त्याच्यासाठीच खरं लिहायला बसलो होतो आणि बाकीचंच लांबलं.

यंदा पोरगी हट्टालाच पेटली की अक्षता सोहळा बघायचाच. दरवर्षी आम्ही टीव्हीवर बघतो. बाहेरच्यांना सांगायला पाहिजे, संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची यात्रा असते, सात नंदीध्वज निघतात, पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक आणि दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराचं प्रतीकात्मक लग्न, तोच अक्षता सोहळा. आख्खं सोलापूर पांढऱ्या बाराबंदीत तिथं. आई म्हणाली जावा, मी डबा घेऊन जाते अक्कांकडं. मी पोरीच्या वेण्या घातल्या, हिरवा फ्रॉक घातला, खिशात तांदळाची पुडी, आणि निघालो. हिची ड्युटी कट्ट्याच्या बाजूलाच, दोराजवळ, हे मला माहीत होतं, पोरीला सांगितलं नव्हतं.

गर्दी अशी की पाय खाली टेकतोय का नाही ते कळत नाही. पोरीला खांद्यावर घेतलं. कुठनंतरी "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" उठलं की मागनं लाट आल्यासारखं सगळं पुढं सरकायचं. आणि पोरीला वरनं आई दिसली. दोन्ही हातांनी दोर धरलेला, केसांवर जाळी, तोंडात शिट्टी. पोरगी ओरडली, आई! आई! हिनं मान वळवली, आमच्याकडं बघितलं, शिट्टी मारली आणि मानेनंच खूण केली, मागं व्हा. बाकीच्यांना करतात तशीच. मग तोंड फिरवून दुसरीकडं. तेवढ्यात "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" झालं, वरनं तांदळाचा पाऊस, पोरीनं पुडी फोडलीच नाही. खांद्यावरनं उतरून म्हणाली, घरी चला.

संध्याकाळभर ती बोलली नाही. आईस्क्रीम नको, पाळणा नको. आजीला एवढंच म्हणाली, आईनं मला ओळखलंच नाही. आजी म्हणाली, अगं बिझी असते ती. पोरगी म्हणाली, बघितलं होतं तिनं.

रात्री पाऊण वाजला. टीव्ही कधीच मुका झाला होता. ही आली, एक बूट इकडं, एक तिकडं, म्हणजे सगळं नीट पार पडलं. आत येऊन आरशासमोर केसांची जाळी काढली तर त्यातनं तांदूळ, टपटप फरशीवर. कॉलरमधनं, खिशातनं, अगदी पट्ट्याच्या बकलात अडकलेले. मी झाडू आणायला वळलो तर पोरगी बिछान्यात उठून बसलेली.

"तू मला ओळखलं नाहीस."

ही जाळी तशीच हातात धरून म्हणाली, "डाव्या वेणीची रिबीन सुटली होती तुझी. लोंबत होती. बाबाच्या कानात जात होती."

पोरीनं वेणीला हात लावून बघितलं. रिबीन नव्हतीच, गर्दीत कुठंतरी पडली होती, माझ्या लक्षातपण नाही.

"मग हात का नाही केलास?"

"हातात दोर होता गं."