जिथून सारे निघतात, तिथून

मक्केजवळच्या अरफातचा डोंगर उंचीला फार नाही. जबल-ए-रहमत भोवतालच्या जमिनीपासून जेमतेम 70 मीटर उठतो. ग्रॅनाइटचे मोठमोठे धोंडे, कापलेल्या पायऱ्या आणि माथ्यावर एक पांढरा खांब. सह्याद्रीच्या मुलखात वाढलेल्या माझ्यासारखीला ती टेकडीच. तरी हजचा सगळा भार या टेकडीभोवतीच्या मैदानावर आहे. बाकीची काही कर्तव्यं चुकली तर कुर्बानी देऊन भरून काढता येतात, पण अरफात चुकलं की त्या वर्षीचा हज गेला. हज म्हणजे अरफात, असं प्रेषितांनी (स.) स्वतः सांगून ठेवलंय.

आमच्याकडे पुष्कळांना वाटतं की हाजी त्या डोंगरावर चढतो आणि तिथे हज पूर्ण होतो. निघण्याआधी भेटायला आलेल्या बायकाही म्हणत होत्या, "डोंगरावर पोचलीस की आमचं नाव घे." मी त्यांची नावं वहीत लिहून घेतली. पण चढणं हा हजचा भागच नाही. प्रेषित (स.) डोंगराच्या पायथ्याच्या खडकांपाशी उंटिणीवर बसून राहिले आणि म्हणाले, मी इथे थांबलो, पण सारं अरफात थांबण्याचीच जागा आहे. मैदानाच्या कडेला हद्द दाखवणारे मोठे पिवळे फलक आहेत. त्यांच्या आत तुम्ही कुठेही असा, तंबूत, झाडाखाली, दवाखान्याच्या खाटेवर, तुमचा वुकूफ, म्हणजे तिथलं थांबणं, तितकाच पुरा.

जिलहिज्जा या हजच्या महिन्याच्या 9 तारखेला सकाळी आम्ही मिनाहून, हाजींच्या तंबूंच्या मुक्कामाहून, निघालो. मी, भाईजान आणि भाभी. बसमध्ये तलबिया, हाजींचा घोष, चालू होता, "लब्बैक अल्लाहुम्म लब्बैक", आणि खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक बसमध्येही तोच. उन्हाळ्यातला हज. दुपारी तंबूबाहेर पडू नका, अशी सक्त सूचना होती, आणि ती मोडण्यात कसलंही पुण्य नाही. 2024 च्या हजमध्ये मक्केत पारा 50 अंशांच्या वर गेला आणि 1,300 हून अधिक माणसं दगावली. पाणी पीत राहायचं, डोकं सावलीत ठेवायचं. हे सांगायला मौलाना लागत नाही.

आमच्या तंबूत देशावरचे हनफी होते तसे कोकणातले शाफईही होते, सुन्नींच्या दोन परंपरांचे. जुहर (दुपारची) आणि अस्र (दुपारनंतरची) नमाज एकत्र पढायची की आपापल्या वेळेला, यावर पडद्यापलीकडे पुरुषांची थोडी चर्चा झाली. नमिरा मशिदीतल्या इमामामागे असाल तरच एकत्र, असं हनफी म्हणतात. शाफईंनी एकत्र पढली, आम्ही वेगवेगळी. नमाज झाली आणि पुन्हा सगळे एकाच चटईवर खजूर खायला बसले.

अस्रनंतर ऊन थोडं नरमलं तसे आम्ही बाहेर पडलो. बाहेर येताच मला दिसले ते कडुनिंब. या मैदानावर हजारो कडुनिंब लावलेले आहेत. आपल्या वेशीवरचं, आपल्या अंगणातलं झाड, आणि त्याच्या विरळ सावलीत नायजेरियाच्या बायका, इंडोनेशियाचे म्हातारे, कुणी तुर्की जोडपं, सगळे हात पसरून बसलेले. खांबांवरच्या नळ्यांतून पाण्याचे बारीक फवारे उडत होते. मी एका बुंध्याशी मुसल्ला अंथरला. किब्ला, म्हणजे काबेची दिशा, इथेही पश्चिमेच्याच अंगाला, घरच्यासारखा. समोरचे काही लोक डोंगराकडे तोंड करून दुआ मागत होते. एका मौलवींनी हळूच त्यांचे खांदे धरून त्यांना किब्ल्याकडे वळवलं. डोंगर पूजायचा नाही, त्याच्यापाशी थांबायचं.

वहीतली नावं मी एकेक करून घेतली. शाळेतल्या सहकारी बाईंनी मुलाच्या आजारासाठी सांगितलं होतं, तेही. बाई हिंदू आहेत. नाव देताना त्यांनी विचारलं होतं, "चालेल ना गं?" का नाही चालणार? मागायला कुणाला बंदी आहे?

डोंगराजवळ गेले तेव्हा वर इहरामच्या पांढऱ्या कपड्यांतल्या हाजींची मुंगी शिरणार नाही अशी दाटी होती. मी पायथ्याशीच थांबले, कारण मला पाहायचा होता तो जुना दगडी पाट. खलिफा हारून अल-रशीद यांची बेगम जुबैदा हिने हाजींसाठी डोंगरातून पाणी आणवलं, त्या ऐन-ए-जुबैदाचे अवशेष इथे डोंगराच्या कडेने जातात. बाराशे वर्षांपूर्वीचं काम. इतक्या रखरखाटात येणाऱ्या माणसाला आधी पाणी लागेल, हे एका बाईनं ओळखलं आणि त्यावर आपला पैसा ओतला. मी त्या दगडांपाशी उभं राहून तिच्यासाठीही दुआ केली.

याच मैदानालगतच्या उरना खोऱ्यात 10 हिजरीत, म्हणजे इ.स. 632 मध्ये, प्रेषितांनी निरोपाचा खुतबा, म्हणजे प्रवचन, दिला. जुन्या खुनांचे सूड रद्द, सावकारी व्याज रद्द, आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून: पहिलं रद्द झालेलं व्याज त्यांचे चुलते अब्बास यांचं. बायकांच्या बाबतीत अल्लाहचं भय बाळगा, हेही तिथेच बजावलं. आपल्या किती घरांत हा खुतबा नुसता ऐकला जातो, याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

त्याआधी हजमध्येही मानपान होता. मक्केतल्या कुरैश टोळीचे लोक स्वतःला हरमचे, म्हणजे मक्केभोवतीच्या पवित्र क्षेत्राचे, मानकरी समजत. हरमची हद्द अरफात आणि मिनाच्या मधल्या मुझदलिफापर्यंत, अरफात तिच्याबाहेर. म्हणून बाकीचे अरब अरफातला जात आणि कुरैश मुझदलिफातच थांबत. कुरआनने तो मान काढून घेतला. सूरह बकराची 199 वी आयत सांगते की जिथून सारे लोक निघतात, तिथूनच तुम्हीही निघा. प्रेषित स्वतः कुरैशांपैकी. तेही मुझदलिफात थांबतील असं लोकांना वाटलं होतं, पण ते पुढे अरफातला आले. सूर्य मावळल्यावर परत निघाले तेव्हा त्यांच्या उंटिणीवर मागे बसले होते उसामा, एका मुक्त केलेल्या गुलामाचा मुलगा.

म्हणून मला अरफातहून निघायचं होतं ते चालत. बस होती, मेट्रो होती. भाभींचे गुडघे दुखतात, त्या गटाबरोबर बसने गेल्या. भाईजान म्हणाले, "तू चालणार तर मीही चालतो." मगरिबची, सूर्यास्ताच्या नमाजची, वेळ झाली, पण इथे मगरिब पढायची नसते, ती मुझदलिफात पोचून रात्रीच्या इशाबरोबर. सूर्य बुडाला आणि सारं मैदान एकदम उठलं.

पायी जाणाऱ्यांसाठी वेगळा रुंद रस्ता आहे, दिव्यांनी उजळलेला. सात-आठ किलोमीटर. पुढे एक मुलगा आईला चाकांच्या खुर्चीत ढकलत होता. दमला की शेजारचा अनोळखी माणूस न विचारता मुठी धरायचा. कुणी पाण्याच्या बाटल्या वाटत होतं, कुणी रस्त्याकडेला पाय चोळत बसलं होतं. मागून रेटा आला की भाईजान मोठ्यानं म्हणत, "आहिस्ता, आहिस्ता." या वाटेवर प्रेषितही उजव्या हातानं खुणावत लोकांना हेच सांगत होते: शांतपणे, शांतपणे. पोटऱ्या भरून आल्या होत्या, चप्पल अंगठ्याला घासत होती, पण थांबावंसं मला वाटलं नाही. एवढ्या माणसांत माझं गाव, माझी नोकरी, माझं आडनाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यानं मला फार हलकं वाटलं.

मुझदलिफात मोकळ्या आभाळाखाली जागा मिळेल तिथे चटई. मगरिब आणि इशा एका अजानवर, दोन इकामतींनी, म्हणजे नमाज उभी राहण्याच्या हाकांनी. मग सैतानाला मारायचे खडे वेचायचे, हरभऱ्यापेक्षा जरा मोठे. दुसऱ्या दिवशी 7, पुढचे दोन दिवस रोज 21. बस वाहतुकीत अडकल्यामुळे भाभी आमच्यानंतर पोचल्या. त्यांचे 49 खडे मी आधीच वेचून ठेवले होते.