सिस्टस जगवताना

मोंपेलिए शहराच्या उत्तरेला चुनखडीचे उघडे माळ आहेत, त्यांना तिथे गारीग म्हणतात. दक्षिण फ्रान्समध्ये राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच एप्रिलमध्ये मी या माळावर सिस्टस फुललेला पाहिला. दगडांच्या फटींतून वर आलेली कमरेइतकी झुडपे, पानांवर पांढुरकी मऊ लव, आणि वर गुलाबी फुले. त्यांच्या पाच पाकळ्या कुणी रात्रभर मुठीत धरून सकाळी सोडल्यासारख्या चुरगळलेल्या दिसतात. एकेक फूल सकाळी उमलते आणि दुपार कलताना पाकळ्या गळून जातात. दुसऱ्या दिवशी नवी फुले असतात. सिस्टसच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात, मॉन्स्पेलिएन्सिसमध्ये, या शहराचेच नाव आहे. पण तिची फुले लहान व पांढरी असल्यामुळे मी गुलाबी फुलांची अल्बिडस ही जात निवडली.

माझे पहिले रोप मी मे महिन्यात फुलांसकट विकत आणले आणि मोठ्या कुंडीत भरपूर कंपोस्ट घालून लावले. मी सांगलीत वाढलेली; ऊन तापले की झाडाचे पाणी वाढवायचे, हे आम्हांला कुणी शिकवावे लागत नाही. जुलैमध्ये पाने आखडू लागली आणि खालची पिवळी पडून गळू लागली, तेव्हा मी रोज संध्याकाळी पाणी घालू लागले. ऑगस्टच्या मध्यावर अख्खे झुडूप आठवड्याभरात तपकिरी झाले. कुंडी उपडी केली तेव्हा मुळे काळी पडली होती आणि बोटांत धरताच त्यांची साल सुटून येत होती.

त्यानंतर मला कळले की पाने आखडणे हा आजार नव्हताच. या प्रदेशात पाऊस मुख्यतः शरद ऋतूत आणि हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. त्यामुळे सिस्टस हिवाळ्यातली मोठी पाने उन्हाळ्यात टाकून देतो, थोडी लहान पानेच ठेवतो आणि स्वस्थ बसतो. अशा वेळी माती गरम असताना ती ओली ठेवली, की मुळे कुजवणाऱ्या बुरशीला आयते आमंत्रण मिळते. म्हणजे आमच्या पावसाळ्याचे पंचांग मी भलत्याच मुलखात चालवत होते.

दुसरे रोप मी ऑक्टोबरमध्ये, पहिले पाऊस झाल्यावर, थेट जमिनीत लावले. मुद्दाम लहान रोप घेतले, खत अजिबात घातले नाही, आणि खणलेल्या मातीत बारीक खडी मिसळून जागा थोडी उंच केली. पहिल्या उन्हाळ्यापुरते मात्र पाणी द्यावे लागते, कारण मुळे तोवर खोल गेलेली नसतात. पण ते दोन-तीन आठवड्यांतून एकदा, आळे भरून, आणि मग माती पूर्ण वाळू द्यायची. सर्वांत अवघड काम हेच होते. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "अगं, झाड सुकतंय आणि तू नुसती बघत उभी आहेस?" तिला समजावताना माझाही धीर थोडा खचलाच होता. सप्टेंबरच्या अखेरीस पावसाची पहिली सर आली आणि दहा-बारा दिवसांत फांद्यांच्या टोकांना नवी लवदार पाने फुटली.

छाटणीतही एक चूक होता होता राहिली. जास्वंदीसारखा हा खालून छाटता येत नाही. जुन्या लाकडाला धुमारे फुटत नाहीत. म्हणून फुले संपल्यावर हिरव्या शेंड्यांची केवळ टोके खुडायची.

झुडूप फार वर्षे टिकत नाही, हे लक्षात घेऊन गेल्या ऑगस्टच्या अखेरीस मी बोटभर लांबीच्या, फूल न आलेल्या आठ फांद्या वाळू आणि मातीच्या मिश्रणात खोचल्या. पाच वाळून गेल्या. उरलेल्या तीन सध्या खिडकीत आहेत आणि ऑक्टोबरच्या पावसाची वाट पाहत आहेत.