दारू सोडायची आहे, ग्रुप कुठे शोधायचा?

ग्रुप शोधण्याआधी एक गोष्ट तपासायची. सकाळी हात थरथरतात म्हणून घ्यावीच लागते, अशी वेळ आली असेल तर आधी डॉक्टर आणि मग मीटिंग. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की साधारण ६ ते २४ तासांत घाम, थरथर, मळमळ सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त असतो. भास होणं, असंबद्ध बडबड, घरच्यांना न ओळखणं हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दिसतं आणि ते जिवावर बेतू शकतं. पूर्वी कधी फिट आली असेल तर घरी प्रयोग नकोच. खोलीत कोंडून दारू सोडवणारे नातेवाईक प्रेमापोटीच तसं करतात, पण या चार दिवसांत माणूस दवाखान्यात असलेला बरा.

आता ग्रुप. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची चळवळ, १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. मुंबई-पुण्यात त्याच्या मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या मीटिंग होतात. पत्ता एएच्या वेबसाइटवरून किंवा त्यांच्या हेल्पलाइनवरून घ्यावा. १४४४६ ही केंद्र सरकारची मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, तिथे जवळच्या उपचार केंद्राची माहिती मिळते. यादीत छापलेली मीटिंग प्रत्यक्षात बंद झालेली किंवा दुसरीकडे हललेली असू शकते, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून विचारावं: आज मीटिंग आहे का, कोणत्या भाषेत, ओपन की क्लोज्ड, आणि नेमकी कोणत्या खोलीत. हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण शाळेच्या अंधाऱ्या आवारात कुणाला काय विचारायचं ते न कळून गेटवरून परत जाणं फार सोपं असतं.

ओपन मीटिंगला कुणीही बसू शकतं. क्लोज्ड मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी, बायको किंवा भाऊ सोबत आला तरी त्याला बाहेर थांबावं लागतं. मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये असली म्हणून तिचा चर्चशी संबंध असतोच असं नाही, जागा बहुतेक वेळा भाड्याची असते.

वेळ निवडताना माझं मत ठाम आहे: ज्या तासाला पावलं बारकडे वळतात, त्याच तासाची मीटिंग धरा. ऑफिस सुटल्यावर घरी जाऊन, आंघोळ करून मग निघू, असं ठरवलं की मधला रस्ता गुत्त्यावरून जातो. पोट रिकामं ठेवू नका. भूक आणि तलफ यातला फरक सुरुवातीला कळत नाही.

मीटिंग तास-दीड तासाची. एक जण चालवतो, सुरुवातीला काही वाचन होतं, मग एकेक जण आपलं शेअरिंग करतो, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगतो. पहिलं नाव पुरतं. आडनाव, गाव, नोकरी कुणी विचारत नाही. बोलायचं नसेल तर "आज फक्त ऐकतो" एवढं म्हटलं तरी चालतं. मध्येच सल्ला देण्याची पद्धत नाही. फी नाही, शेवटी वर्गणीची थैली फिरते, नवख्याने त्यात काही टाकलं नाही तरी चालतं. प्रार्थना मात्र असते आणि काही जण तिथेच बिचकतात. ईश्वर कोणता, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. नास्तिकही वर्षानुवर्षं येतात. पंढरीची माळ घातलेल्याने इथे येऊ नये असंही काही नाही.

बिघडतं ते बहुतेक वेळा तुलनेत. समोरचा माणूस नोकरी गेल्याचं, जेलचं सांगतो आणि नवखा मनात म्हणतो, "मी काही इतका वाया गेलेलो नाही." ऐकताना घटना सोडून द्याव्यात आणि त्यामागची लपवाछपवी तेवढी आपल्याशी ताडून पाहावी. एका मीटिंगवरून निकाल देऊ नये. ग्रुपागणिक वातावरण बदलतं, म्हणून तीन-चार वेगळ्या ग्रुपांत बसून बघावं. दोन-तीन जणांचे फोन नंबर घेतल्याशिवाय निघू नये. पुढे त्यांतलाच एखादा जुना मेंबर स्पॉन्सर, म्हणजे नवख्याला वाट दाखवणारा सोबती, होऊ शकतो. पुरुषाने पुरुष आणि बाईने बाईच स्पॉन्सर धरावी, हा संकेत पाळलेला बरा.

कुणी मेंबर म्हणाला की डॉक्टरच्या गोळ्या बंद कर, तर ऐकू नका. औषध हा डॉक्टरचा विषय. घरच्यांनीही डायसल्फिरामची, म्हणजे दारू सोडवण्यासाठीची, गोळी भाजीत मिसळून देऊ नये. त्यावर दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो, आणि गोळी थांबवल्यावरही हा परिणाम १४ दिवसांपर्यंत होऊ शकतो. घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा ग्रुप आहे. पिणारा यायला तयार नसला तरी तिथे जाता येतं. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातही कुटुंबीयांना उपचारात सामावून घेतलं जातं.

तालुक्याला ग्रुपच नसेल तर ऑनलाइन मीटिंग आहेत. परदेशातल्या मराठी माणसालाही त्या सोयीच्या, फक्त भारतातली वेळ आधी जुळवून पाहावी. आणि गावात दारू सोडू पाहणारे दोघं जरी असले तरी ग्रुप सुरू करता येतो. वार, वेळ आणि जागा ठरवा, एएच्या जवळच्या ऑफिसकडून मराठी पुस्तिका मागवा, आणि दुसरा आला नाही तरी ठरल्या वेळी खोली उघडा.